विमाताईंची चार शून्यं

महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टकडे पाठ केलेल्या लांबट खोलीत एक टेबल होतं आणि त्या टेबलावर डाव्या हाताला एक लोखंडी ट्रे होता. तो ट्रे कोणी हलवायचा नाही, हा त्या खोलीचा कायदा. सफाईला येणारी बाई त्याच्या कडेकडेने फडकं फिरवायची. एकदा शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने फाइल ठेवायला तो वीतभर सरकवायला घेतला, तर बाईसाहेब खुर्चीतून अशा उठल्या की बिचारा फाइल उराशी धरून दारापर्यंत मागे गेला. त्यानंतर कोणी त्या ट्रेच्या वाटेला गेलं नाही.

या बाईसाहेब म्हणजे विमाताई. आईवडिलांनी हे नाव ठेवलं नव्हतं हे सांगायला नको, पण त्यांनी ठेवलेलं नाव आता पगारपत्रकाबाहेर कुठेच सापडत नव्हतं. सव्वीस वर्षं त्या शहराचा विमा बघत होत्या. पंपघर, वाचनालय, पोहण्याचा तलाव, अग्निशमनच्या शिड्या, दोन पूल आणि कचऱ्याच्या एकसष्ट गाड्या, एवढा सगळा संसार त्यांच्या कपाटात फाइलींच्या रूपाने उभा होता. शहर नगरसेवक चालवतात असं लोकांना वाटतं. ताईंचं मत वेगळं होतं. शहर नशिबाने चालतं, आणि नशीब दगा देतं तेव्हा कागद जागेवर लागतात, असं त्या म्हणत आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकत.

वर्षातून एकदा, विम्याचं नूतनीकरण आलं की, त्यांना एक आकडा ठरवावा लागे. विमा घेतला म्हणजे सगळं कंपनी भरते, असा एक गोड गैरसमज आपल्यात असतो. तसं काही नसतं. नुकसान झालं की त्यातला ठरलेला पहिला भाग आपण सोसायचा आणि त्याच्या वरचं कंपनीने द्यायचं. कागदावर त्याला वजावट म्हणतात, साहेब लोक डिडक्टिबल म्हणतात, ताई सरळ ‘पहिला वाटा’ म्हणत. पहिला वाटा मोठा घेतला की वर्षाचा हप्ता उतरतो, लहान घेतला की चढतो. मग किती घ्यायचा? तर आपल्याकडे लहानसहान आपटाआपटी किती होते, ते बघून. रोज उठून काहीतरी फुटत असेल आणि वाटा मोठा घेतलात, तर हप्त्यात वाचवलेलं दुरुस्तीत गेलं. काहीच फुटत नसेल तर घ्या मोठा वाटा आणि झोपा खुशाल.

म्हणजे सगळी मदार फुटलेल्या वस्तूंच्या हिशेबावर. आणि हा हिशेब ठेवण्यात ताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पूर्वी त्या स्वतः फिरत. छत्री, पिशवी, पाण्याची बाटली घेऊन पंपघरापासून सुरुवात करत आणि चार दिवसांत सगळं शहर डोळ्यांखालून घालत. कुठे काच तडकली, कुठे पत्रा वाकला, सगळं वहीत. चार वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी एक फॉर्म तयार केला. दोन रविवार खर्ची घालून, अकरा प्रश्नांचा, दोन्ही बाजूंनी छापलेला. ज्याच्या हातून नुकसान होईल त्याने तो भरून तिसऱ्या मजल्यावर पाठवायचा. पहिलाच प्रश्न मुद्द्याचा होता: ‘चूक कोणाची?’ तो पहिला ठेवल्याचं ताईंना भारी समाधान होतं. मुळालाच हात घातला की पुढचं सोपं जातं, असं त्या म्हणत.

फॉर्म सुरू झाला आणि ताईंचं फिरणं थांबलं. आणि नवल असं की त्यानंतरच्या पहिल्याच पूर्ण वर्षी कचरागाड्यांच्या रकान्यात शून्य आलं. पुढच्या वर्षी शून्य. त्याच्या पुढच्या वर्षी शून्य. ताईंनी शिफारस करून गाडीतळाच्या फोरमनला ‘सुरक्षित वाहन विभाग’ अशी पितळी पाटी मिळवून दिली. चौथं शून्य लिहिताना तर त्यांनी ते जरा मोठंच काढलं, आणि आतून रिकामं राहू नये इतकं प्रेमाने काढलं.

यंदा कंपनीने गाड्यांसाठी तीन आकडे दिले होते. पहिला वाटा पंचवीस हजार, एक लाख किंवा पाच लाख, आणि प्रत्येकापुढे उतरत जाणारा हप्ता. नवे मुख्य लेखाधिकारी खुशीत आले. माणूस वाईट नव्हता. आकड्यांवर त्यांचा जीव होता, एवढंच, आणि आकड्यांच्या मागे माणसं उभी असतात हे अजून त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

“ताई, चार वर्षं शून्य म्हणजे विषयच संपला,” ते म्हणाले. “पाच लाख घेऊ. हप्ता खाली येईल, आणि भरायची वेळच येणार नाही.”

“माझंही तेच म्हणणं आहे,” ताई म्हणाल्या.

समितीच्या मंजुरीसाठी ताईंनी केलेल्या टिपणाच्या शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. पाच लाखांच्या आतलं नुकसान संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल करावं. ताईंची भुवई थोडी वर गेली.

“अहो, तसंही शून्य आहे ना?” साहेब म्हणाले. “कोणाला भरायचंय? आपली शिस्त दिसते कागदावर.”

तेही खरंच होतं. ताईंनी सोमवारी सही केली. शुक्रवारी समितीपुढे टिपण जायचं होतं, आणि समितीने हो म्हटलं की एकसष्ट गाड्यांचे ड्रायव्हर आपापल्या पगारानिशी त्या ओळीत अडकणार होते.

ताई घरी राहत बाबांबरोबर. बाबा म्हणजे त्यांचे वडील, वय चौऱ्याऐंशी, चौतीस वर्षं शहर बस चालवून निवृत्त झालेले. लग्न ताईंनी केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची छाती कोणाची झाली नाही, आणि त्यांनीही कधी सांगायची तसदी घेतली नाही. बापलेकीचं बरं चाललं होतं. ताई कचेरीतले रद्द झालेले फॉर्म घरी आणत आणि बाबा त्यांच्या मागच्या कोऱ्या जागेत शब्दकोडी सोडवत, वाणसामानाची यादी करत, क्वचित सरकारला न पाठवायची पत्रं लिहीत.

त्या सोमवारी संध्याकाळी बाबा उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसले होते आणि खोलीत मलमाचा वास येत होता.

“डास,” बाबा म्हणाले.

ताईंनी चहा ओतता ओतता चार शून्यांची हकीकत सांगितली. बाबांनी बशी खाली ठेवली.

“एकसष्ट गाड्या? चार वर्षं? एक ओरखडा नाही?”

“एकही नाही.”

“गाड्या रस्त्यावर काढतात का नुसत्या पुसून ठेवतात?”

“बाबा!”

“अगं, मी चौतीस वर्षं बस चालवली. एक महिना असा गेला नाही की कुठे ना कुठे घासलं नाही. आणि माझ्या नोंदीत अपघात किती? एक.”

“मग बाकीचे?”

“बाकीचे? सांगतो कोण!” बाबा खो खो हसले, आणि हसताना त्यांचं कोपर टेबलाच्या कडेला लागलं तसे एकदम गप्प झाले. ताईंचं कोपराकडे लक्ष नव्हतं. त्या मनातल्या मनात ती चार शून्यं पुन्हा मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी चार वर्षांनी ताईंनी छत्री आणि पिशवी बाहेर काढली.

गाडीतळ गावाच्या टोकाला, जुन्या वखारीमागे. ताई फाटकातून आत शिरल्या तेव्हा सकाळच्या फेऱ्या संपून गाड्या धुतल्या जात होत्या. लांबून सगळ्या हिरव्या. जवळ गेलं की मात्र हिरवा रंग एक नव्हता. डाव्या मागच्या कोपऱ्यावर एक हिरवा, दारावर दुसरा, चाकाच्या वर तिसराच, आणि तो तिसरा अजून ओला. पितळी पाटी फोरमनच्या दारावर चकचकीत होती. त्या पाटीखाली उभ्या असलेल्या फोरमनचा चेहरा मात्र उतरला होता.

“ताई, कळवलं असतं तर...”

“कळवलं असतं तर वाळला असता,” ताई बोटाचा हिरवा रंग रुमालाला पुसत म्हणाल्या. “रंगारी कोण आहे तुमचा?”

रंगारी शेडच्या मागे भेटला. मिशीत रंग गेलेला, बोलायला कमी, कामात पक्का माणूस. त्याच्याजवळ पालथ्या बादलीवर एक ड्रायव्हर बसला होता. त्याला सगळे कप्तान म्हणत, कारण सगळ्यांत रुंद गाडी सगळ्यांत अरुंद गल्ल्यांतून तोच काढायचा. ताईंना बघून कप्तान उठून उभा राहिला, पण नमस्कार त्याने केला नाही.

“महिन्याला किती?” ताईंनी विचारलं.

रंगाऱ्याने कप्तानकडे बघितलं. कप्तानने आभाळाकडे.

“मी चौकशीला आले नाहीये,” ताई म्हणाल्या. “शुक्रवारी समितीपुढे माझा कागद जातोय. तो पास झाला तर इथून पुढे प्रत्येक खरचटणं तुमच्या पगारातून जाईल. पाच लाखांपर्यंत. तो कागद मी तुमच्या शून्यावर लिहिलाय. शून्य खोटं असेल तर मला आज कळायला हवं.”

मग रंगाऱ्याने फळीवरून एक तेलकट वही काढली. “सहा-सात,” तो म्हणाला.

वहीत गाडीचा नंबर, तारीख, जागा आणि रंगाची छटा. ड्रायव्हरचं नाव एकाही ओळीत नव्हतं. रंग पुढच्या वेळी जुळावा म्हणून तो लिहून ठेवायचा, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं. ताईंनी तिथेच बादलीवर बसून मोजले. चार वर्षांत तीनशे बारा. बहुतेक फुटकळ. सगळ्यांत मोठं एकदाच, ऐंशी हजारांचं, असं रंगाऱ्याने सांगितलं.

“एवढे पैसे आणता कुठून?”

फोरमनने आता लपवण्यात अर्थ नाही हे ओळखलं आणि टेबलाखालून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला. पगार झाला की प्रत्येक जण त्यात थोडे टाकायचा. काही आपटलं की पत्रा आणि रंग त्यातून. ऐंशी हजारांच्या वेळी मात्र सगळ्यांना सहा महिने दुप्पट टाकावे लागले होते.

“पण सगळंच डब्यातून नाही,” रंगारी म्हणाला. “पहिले पाचशे ज्याचे त्याचे. पुढचं डब्यातून.”

ताईंनी चष्मा काढला. “पाचशेच का?”

“आधी दोनशे होते. मग कोणाला काही वाटेना, डबा लगेच तळाला लागायचा. म्हणून हजार केले. तर लोक आमच्यापासूनच लपवायला लागले. घरून रंगाची डबी आणून स्वतःच फासायचे, त्यात गंज राहायचा, आणि पुढच्या वेळी सगळं दारच बदलावं लागायचं. पाचशेवर बरं बसलं.”

सव्वीस वर्षांत कंपन्यांची किती माणसं टाय लावून ताईंच्या टेबलापुढे बसून गेली होती, जाडजूड पुस्तकं ठेवून गेली होती. वाटा फार लहान केला की माणूस बेफिकीर होतो आणि फार मोठा केला की लपवतो, हे इतकं सरळ त्यांतल्या एकानेही सांगितलं नव्हतं. ताईंना हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ शरम वाटली.

“हे माझ्याकडे का नाही आलं?” त्यांनी विचारलं. “फॉर्म होता ना.”

तेव्हा कप्तान पहिल्यांदा बोलला. “या, दाखवतो.”

फोरमनच्या खोलीबाहेर सूचनांच्या फळ्यावर, सुट्ट्यांच्या यादीशेजारी, पिवळा पडलेला एक फॉर्म टाचलेला होता. वर ठळक अक्षरांत ‘नमुना: फॉर्म असा भरावा’. नाव शाईने खोडलेलं. पहिला प्रश्न, चूक कोणाची? उत्तर, ‘माझी’. खाली स्वच्छ अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. गल्लीत एक लहान मूल चेंडूमागे धावत आलं, गाडी भिंतीकडे वळवली, दिवा आणि पत्रा गेला, मूल सुखरूप.

ताईंनी तो लगेच ओळखला. त्यांच्याकडे आलेला पहिला फॉर्म होता तो, हिशेबाचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आधीचा. किती नीटनेटका भरलाय, म्हणून त्यांनी त्याच्या प्रती काढून सगळ्या विभागांना पाठवल्या होत्या. मूळ फॉर्मवर ‘निकाली’ असा शिक्का मारून तो पगार-बढत्या बघणाऱ्या आस्थापना विभागाकडे दिला होता, आणि पुढे त्याचं काय झालं हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“माझी पगारवाढ थांबली दोन वर्षं,” कप्तान म्हणाला. “नाव खोडलंत खरं, पण अक्षर सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर इथे कोणी फॉर्म भरला नाही.”

त्याच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता. ताईंना त्या फळ्यापुढे उभं राहवेना. आपण ज्याचं कौतुक म्हणून प्रती काढल्या, तो कागद इथे चार वर्षं धाक म्हणून टांगलेला होता.

“मुलाचं पुढे काही कळलं?” एवढंच त्यांना विचारता आलं.

“शाळेत जातं. गाडी दिसली की हात करतं,” कप्तान म्हणाला, आणि पहिल्यांदा थोडा हसला.

शुक्रवारी समितीच्या खोलीत विमाताई उभ्या राहिल्या. सात महिन्यांनी निवृत्ती. सव्वीस वर्षांत ताईंचा आकडा चुकला असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि आता ते त्यांना स्वतःलाच म्हणायचं होतं.

“मी सोमवारी सही केलेलं टिपण मागे घेते,” त्या म्हणाल्या. “गाड्यांचं शून्य खोटं आहे. वर्षाला सुमारे अठ्ठ्याहत्तर लहान नुकसानं होतात.”

लेखाधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. “ताई, चार वर्षं शून्य तुम्हीच लिहिलंत.”

“मीच. माझ्या फॉर्ममुळे आलं ते. पहिलाच प्रश्न असा विचारला की दुसऱ्यापर्यंत कोणी आलंच नाही.”

“अठ्ठ्याहत्तर हा आकडा कुठून आणला? कागद दाखवा.”

“कागद मी आणलेला नाही. बेरीज माझ्याजवळ आहे. कागद जिथे होता तिथेच आहे.”

“म्हणजे कोणी काय केलं, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही?”

“नाही सांगत,” ताई म्हणाल्या. “साहेब, मी नावं दिली की माझी पुढची पन्नास वर्षं शून्यच येणार. म्हणजे माझी नाही, माझ्या जागी जे कोणी बसेल त्यांची.”

मग त्यांनी मुद्दा मांडला. पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेलं की हप्ता चांगला उतरतो. त्यात जे वाचेल, त्यात अठ्ठ्याहत्तर दुरुस्त्या बसतात आणि वर थोडं उरतं. एक लाखावरून पाच लाखांवर गेलं की मात्र हप्ता चिमूटभर उतरतो आणि जोखीम पसाभर वाढते. म्हणून एक लाख. वाचलेले पैसे वेगळे ठेवायचे आणि लहान दुरुस्त्या त्यातून करायच्या. आणि शेवटची ती ओळ काढायची. “पहिला वाटा आपला, असं आपण कंपनीला लिहून देतो. आपला म्हणजे महापालिकेचा. तो भिंतीपलीकडे ड्रायव्हरच्या घरात ढकलून द्यायचा असेल, तर आपण विमा कशाला घेतला?”

समितीचे अध्यक्ष वयस्क, मितभाषी गृहस्थ. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “आणि बाई, ही चार वर्षांची चूक कोणाच्या नावावर लिहायची?”

“माझ्या,” ताई म्हणाल्या. हे उत्तर लिहायला कप्तानला किती जड गेलं असेल, ते त्यांना तेव्हा समजलं.

समितीने एक लाख मान्य केला. ओळ काढली. ताईंच्या सेवापुस्तकात समज दिल्याची नोंद झाली, सव्वीस वर्षांतली पहिली.

ताईंनी नवा फॉर्म केला. अकराचे चारच प्रश्न ठेवले. काय लागलं? कुठे? केव्हा? आता काय हवं? बास. गाडीतळावर गठ्ठा पाठवला आणि भरलेले फॉर्म ज्यात यायचे त्या लोखंडी ट्रेकडे डोळे लावून बसल्या.

आठवडा गेला. ट्रे रिकामा. दुसरा गेला, तिसरा गेला. लेखाधिकारी जाता-येता डोकावत. “काय ताई, शून्य खरंच होतं म्हणायचं?” त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं, पण ताईंना ते झोंबायचं. रंगाऱ्याचा ब्रश तिकडे थांबला नसणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण सांगितलं आणि लोकांनी ऐकलं, असं होत नसतं. एकदा हात भाजलेला माणूस दुसऱ्यांदा हात पुढे करायला वेळ घेतोच, आणि भाजवणारी आपणच असलो तर घाई करायचा हक्कही आपला नाही, असं त्या स्वतःला समजावत.

एका दुपारी खोलीत कोणी नसताना ताई उठल्या आणि दोन्ही हातांनी तो लोखंडी ट्रे उचलला.

खाली टेबलाची काच होती, आणि त्या काचेला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत एक तडा होता. अकरा वर्षांपूर्वी ताईंच्याच हातून पेपरवेट पडला होता. महापालिकेची काच. काचेची नोंद ठेवणारं खातं ताईंचं, आणि दर वर्षी स्वतःच्या टेबलापुढे ‘सुस्थितीत’ असं लिहिणाऱ्याही ताईच. तेव्हा ट्रे वर ठेवला तो ठेवलाच. ताईंनी तड्यावरून बोट फिरवलं. अकरा वर्षं एवढ्याशा गोष्टीसाठी आपण एका लोखंडी ट्रेची राखण केली, याचं त्यांना हसू आवरेना. एकट्याच हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

मग त्यांनी नवा फॉर्म ओढला. काय लागलं? टेबलाची काच, तडा, दोन वीत. कुठे? माझ्या टेबलावर. केव्हा? अकरा वर्षांपूर्वी. आता काय हवं? नवी काच एक. खाली स्वतःचं खरं नाव लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी गाडीतळावर जाऊन त्यांनी फळ्यावरचा पिवळा फॉर्म काढला, घडी घालून कप्तानच्या हातात दिला आणि त्याच टाचण्यांनी आपला फॉर्म तिथे लावला. ड्रायव्हर गोळा झाले. कोणीतरी मोठ्याने वाचलं.

“अकरा वर्षं?” फोरमन म्हणाला.

“अकरा,” ताई म्हणाल्या. “वर ट्रे ठेवला होता.”

आधी रंगारी हसला. मग सगळा गाडीतळ हसला, आणि ताई मधे उभ्या राहून लाल होत हसल्या. परत निघताना कप्तानने त्यांना फाटकापर्यंत सोडलं, आणि या वेळी नमस्कार केला.

सोमवारी ट्रेमध्ये तीन फॉर्म होते. महिनाअखेर एकेचाळीस. मागचे-पुढचे सगळेच आले. वाचनालयाने गळका नळ कळवला, तलावाने फुटलेली फरशी. लेखाधिकारी हबकले. “ताई, हे शहर कोसळतंय की काय?” ताई म्हणाल्या, “नाही साहेब, आता कुठे बोलायला लागलंय.” मासिक तक्त्यात गाड्यांपुढे त्यांनी सत्तावीस लिहिले, आणि शून्यापेक्षा ते कितीतरी सुबक दिसले.

त्या आठवड्यातल्या रविवारी ताई सकाळी उठून स्वयंपाकघरात आल्या. बाबा आधीच टेबलापाशी बसले होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडापुढे वर्तमानपत्र. साखरेच्या बरणीखाली एक कागद होता. ताईंना वाटलं शब्दकोडं. त्यांनी उचलला. नवा फॉर्म होता तो, थरथरत्या, डावीकडे झुकलेल्या अक्षरात भरलेला.

काय लागलं? कोपर उजवं, गुडघा डावा. कुठे? बाथरूमच्या दारात, ओल्यावर. केव्हा? या महिन्यात तीनदा. आता काय हवं? धरायला दांडा एक.

ताई उभ्यानेच दोनदा वाचत राहिल्या. उकाड्यातला तो शर्ट, तो मलमाचा वास, ते डास. सगळ्या शहराची मोडतोड गोळा करत आपण फिरलो, आणि इथे चहाच्या कपापलीकडे बसलेलं माणूस आपल्याला घाबरून पडझड लपवत होतं. लेक ओरडेल, लेक काळजी करेल, आता बाहेर जायचं नाही म्हणेल. चूक कोणाची, हा प्रश्न घरात कोणी छापला नव्हता, तरी बाबा रोज त्याचं उत्तर देत होते.

वर्तमानपत्र हललं नाही. “रागावणार आहेस का?” त्यामागून आवाज आला.

“नाही.”

“नक्की?”

“त्या फॉर्मवर तो रकानाच नाही, बाबा.”

वर्तमानपत्र थोडं खाली आलं. चष्म्यावरून दोन डोळे लेकीचा अंदाज घेत होते.

“आणि तीनदाच ना?” ताईंनी विचारलं.

बाबा घुटमळले. “या महिन्यात तीनदा,” ते म्हणाले. “मागचे वेगळे.”

ताईंनी पिशवीतून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा काढला, त्यांच्यापुढे ठेवला आणि पेनचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं. मग खुर्ची ओढून त्या त्यांच्या अगदी शेजारी बसल्या.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “सगळे लिहा. मी बसलेय.”